लेझर वाढवले की डेटाबेस पळतो का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी ऑप्टिकल स्टोरेजवर, म्हणजे सीडी, ब्लू-रेसारख्या लेझरने वाचायच्या साठवणीवर, एकदम बरेच प्रश्न आलेत, त्यातले सहा घेतोय. नावं छापू नका असं बहुतेकांनी लिहिलंय म्हणून नुसतं ठिकाण देतो.

प्रश्न: हिंजवडीत एका कंपनीत डीबीए आहे, म्हणजे डेटाबेस सांभाळायचं काम. आमचं मेन ट्रान्झॅक्शन टेबल एक टीबीच्या पुढे गेलंय, महिनाअखेरचा रिपोर्ट रात्री लावला तर सकाळचा चहा झाला तरी चालूच असतो. मॅनेजरनी कुठल्यातरी प्रेझेंटेशनमध्ये ऐकलं की एकाच वेळी अनेक लेझरनी वाचणारं पॅरलल ऑप्टिकल स्टोरेज असतं आणि त्याने मोठे डेटाबेस कितीतरी पट फास्ट होतात. आता रोज विचारतात आपण का नाही घेत. काय सांगू? (हिंजवडी)

उत्तर: त्यांना काही सांगायच्या आधी तुम्ही स्वतः बघा की रिपोर्ट नक्की कशापायी अडतोय. डेटाबेसला डिस्कसाठी दोन प्रकारे थांबावं लागतं. पहिलं म्हणजे पहिला बाइट हातात येईपर्यंतचा वेळ, हेड जागेवर जाणार, डिस्क फिरून तो भाग खाली येणार वगैरे. दुसरं, एकदा धार लागली की सेकंदाला किती एमबी येतात ते. पॅरलल काहीही करा, लेझर लावा नाहीतर हार्डडिस्कची रांग लावा, फायदा दुसऱ्यात होतो, पहिल्यात जवळजवळ शून्य. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर लेन वाढवल्या तर तासाला जास्त गाड्या सुटतात, पण नाक्यापासून साताऱ्यापर्यंतचं अंतर काही त्याने कमी होत नाही आणि रस्त्यावर तुमची एकटीचीच गाडी असेल तर लेन किती आहेत याच्याशी तुम्हाला काय देणंघेणं.

आता आकडे बघा. ७२०० आरपीएमच्या साध्या हार्डडिस्कला अर्धी फेरी फिरायला ४.१७ मिलिसेकंद लागतात, हेड सरकायला साधारण ८, म्हणजे इकडेतिकडे विखुरलेली पानं (डेटाबेस डेटा ज्या तुकड्यांत ठेवतो ते) वाचायची असतील तर सेकंदाला ८० च्या आसपास होतात. ऑप्टिकल ड्राइव्हमध्ये लेन्ससकट सगळी जड असेंब्ली सरकवायची, परत फोकस धरायचा, ट्रॅक पकडायचा, त्यात १०० ते १५० मिलिसेकंद सहज जातात, म्हणजे सेकंदाला सहा ते दहा वाचनं. असे वीस ड्राइव्ह लावले तरी दोनशेच्या वर जात नाही. आणि तुमच्या लॅपटॉपमधली साधी एनव्हीएमई एसएसडी (फिरणारं काही नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) एका वाचनाला १०० मायक्रोसेकंदांच्या घरात असते आणि ती आतून अनेक चॅनलवर एकाच वेळी अशी हजारो वाचनं करते. त्यामुळे तुमचा रिपोर्ट इंडेक्सवरून, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारख्या यादीवरून, लाखो वेगवेगळ्या रो (टेबलातल्या ओळी) उचलत असेल तर ऑप्टिकलचं नावच काढू नका.

पण रिपोर्ट सगळं टेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत असेल, म्हणजे फुल स्कॅन, तर मात्र मॅनेजरच्या बोलण्यात तथ्य आहे. एक टीबी, हार्डडिस्क सेकंदाला २०० एमबी धरा, ५००० सेकंद, म्हणजे दीड तासाच्या आत, ८३ मिनिटं. ब्लू-रेचा मूळ वेग ४.५ एमबी, १२ एक्सला (बारापट वेगाला) ५४, तोही डिस्कच्या बाहेरच्या कडेला, आतल्या बाजूला निम्म्याहून कमी. सरासरी ४० धरून वीस ड्राइव्ह एकदम चालवले तर ८०० एमबी, मग तेच टेबल २१ मिनिटांत. ऐकायला भारी वाटतं ना? चार हार्डडिस्क शेजारी लावल्या की तेच ८०० होतात, आणि एका चांगल्या एनव्हीएमईला हे काम अडीच मिनिटांचं आहे. शिवाय एक टीबी म्हणजे २५ जीबीच्या ४० डिस्क, ड्राइव्ह वीसच, मग मधे रोबोट हात येऊन डिस्क बदलणार, तो वेळ वेगळाच.

यात एक गोष्ट प्रेझेंटेशनवाले कधी सांगत नाहीत, की नुसते ड्राइव्ह वाढवून पॅरलल होत नाही, डेटा कसा वाटलाय त्यावर सगळं आहे. तारखेनुसार वाटला, एका डिस्कवर एक महिना, तर मार्चचा रिपोर्ट काढताना एकच ड्राइव्ह राबतो आणि बाकीचे एकोणीस बघत बसतात. कस्टमर आयडीचा हॅश करून (आयडीवरून ठरावीक सूत्राने आकडा काढून) वाटला तर सगळे ड्राइव्ह कामाला लागतात, पण मग ‘फक्त मार्च’ हवा असला तरी सगळीच डिस्क चाळायला लागते. रोटेशनने एकेक रो टाकत गेलात तर वाटणी अगदी समान होते पण कुठली रो कुठे गेली ते शोधता येत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गॅमा डेटाबेस मशीनमध्ये (डेटाबेससाठीच बनवलेला खास कॉम्प्युटर) ऐंशीच्या दशकात हे तिन्ही प्रकार होते आणि आजही तुम्ही पार्टिशन करताना हाच निर्णय घेत असता, भले खाली एसएसडी असो. आणि सगळ्यात हळू ड्राइव्ह जितक्या वेळात संपतो तितक्या वेळात रिपोर्ट संपतो, एका डिस्कवर ओरखडा असला आणि ड्राइव्ह तोच भाग परत परत वाचत बसला की बाकीच्यांची धावपळ वाया.

तुम्ही आधी एक्सप्लेन ॲनालाइझ (क्वेरीचा वेळ कुठे जातो ते दाखवणारी कमांड) बफर्ससकट चालवून बघा. तुमचा डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर एका क्वेरीला दोनच पॅरलल वर्कर मिळतात अशी डिफॉल्ट सेटिंग आहे, कित्येक ठिकाणी ती कुणी हातच लावलेली नसते. रँडम पेज कॉस्ट, म्हणजे विखुरलेलं पान वाचणं किती महाग धरायचं ते, डिफॉल्ट ४ आहे, तो आकडा फिरत्या डिस्कच्या काळातला, एसएसडीवर तो १.१ च्या आसपास आणला की प्लॅन बदलतो. तारखेने पार्टिशन करा म्हणजे जुने महिने वाचावेच लागणार नाहीत, ब्रिन इंडेक्स (पानांच्या गटागटाची किमान-कमाल किंमत ठेवणारी छोटी सूची) बघा, आणि रिपोर्टला चाळीसपैकी पाचच कॉलम लागत असतील तर ते कॉलमनुसार साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये काढून ठेवा. जो डेटा वाचावाच लागत नाही त्याच्याइतका फास्ट दुसरा कुठला नाही. हे सगळं करून झाल्यावर मॅनेजरना नवीन हार्डवेअर घ्यायचंच असेल तर घेऊ द्या, पण एसएसडी.

प्रश्न: खरंच अनेक लेझरचे ड्राइव्ह कधी बाजारात आले होते का, का सगळं कागदावरच? (औंध)

उत्तर: आले होते की! १९९८ ते २००० च्या सुमारास केनवूडने झेन रिसर्चची ट्रूएक्स टेक्नॉलॉजी वापरून सीडी-रॉम ड्राइव्ह काढले, त्यातला एक ७२ एक्सचा. एका लेझरचा किरण ग्रेटिंगमधून (बारीक रेघांची काच) नेऊन सात भाग करायचे आणि ते सीडीच्या शेजारशेजारच्या सात ट्रॅकवर टाकायचे, म्हणजे एका फेरीत सात फेऱ्यांचा माल. मग आतली चिप ते तुकडे क्रमाने जोडणार. यातली खरी गंमत म्हणजे डिस्क फार जोरात फिरवायची गरज राहिली नाही. त्या काळचे ५२ एक्सचे साधे ड्राइव्ह सीडी मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास फिरवायचे, म्हणजे सीडीची बाहेरची कड ताशी सव्वादोनशे किलोमीटरने पळत असते, त्यात बारीकशी चीर असली की सीडी ड्राइव्हमध्येच फुटायची, तो आवाज ज्यांनी ऐकलाय ते विसरणार नाहीत. पण हेड सरकायचा वेळ या सात किरणांच्या ड्राइव्हलाही तेवढाच लागायचा, त्यामुळे मोठी फाइल कॉपी करताना मजा यायची आणि डिक्शनरीच्या सीडीत शब्द शोधताना काही फरक पडायचा नाही.

पुढे २०१६ मध्ये सोनीने ऑप्टिकल डिस्क आर्काइव्हची दुसरी पिढी आणली, त्यात आठ चॅनलचा ड्राइव्ह होता, डिस्कच्या दोन्ही बाजू एकदम वाचायचा आणि सेकंदाला २५० एमबीच्या आसपास जायचा. गिऱ्हाईक कोण, तर टीव्ही चॅनलवाले, ज्यांना तासन्‌तासाचं फुटेज सरळ एका ओळीत वाचायचं असतं. डेटाबेसवाले तिकडे फिरकले नाहीत आणि का ते वरच्या उत्तरात आलंच.

प्रश्न: मी कात्रजच्या बाजूच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. सेमिनारसाठी होलोग्राफिक मेमरी घेतलीय. एका ठिकाणी वाचलं की ती मेमरी स्वतःच सर्च करते, प्रोसेसर लागत नाही. सरांनी विचारलं तर काय सांगायचं, हे खरं आहे का? आणि खरं असेल तर मग गुगलवाले का नाही वापरत? (कात्रज)

उत्तर: विषय मस्त घेतलात आणि वाचलेलं बऱ्यापैकी खरं आहे. होलोग्राफिक मेमरीची कल्पना १९६३ सालची, पीटर व्हॅन हीरडेन यांची. लेझरचे दोन किरण करायचे. एक किरण एका पॅनेलमधून जातो, ज्यावर काळेपांढरे ठिपके म्हणजे तुमचे बिट असतात, समजा १०२४ गुणिले १०२४, म्हणजे दहा लाखांवर बिट एकाच पानात. दुसरा साधा रेफरन्स किरण. दोन्ही क्रिस्टलमध्ये भेटतात आणि त्यांच्यातला इंटरफिअरन्स पॅटर्न (दोन लाटा मिसळून होणारी नक्षी) तिथे कोरला जातो. रेफरन्सचा कोन थोडा बदलला की त्याच जागेत दुसरं पान बसतं, मग तिसरं, अशी शेकड्यांनी पानं एकाच ठिकाणी. वाचताना नुसता रेफरन्स किरण त्या कोनातून टाकायचा, अख्खं पान एका झटक्यात कॅमेऱ्यावर उमटतं. मिलिसेकंदाला एक पान धरलं तरी सेकंदाला १२५ एमबीच्या वर, आणि फिरणारं काहीच नाही.

सर्चची भानगड याच्या उलट आहे. रेफरन्सच्या ऐवजी तुम्हाला जे शोधायचंय तो पॅटर्न पॅनेलवर लावून किरण टाकायचा. मग त्या जागेत साठवलेल्या सगळ्या पानांशी त्याची एकाच वेळी तुलना होते आणि जे पान जितकं जुळतं त्याच्या कोनात तितका जास्त प्रकाश बाहेर पडतो. कुठल्या कोनात जास्त उजेड ते बघितलं की उत्तराचा पत्ता मिळाला. लूप नाही, इंडेक्स नाही, हजार पानं असोत की दहा, वेळ सारखाच. आयबीएमच्या अल्माडेन लॅबमध्ये १९९९ च्या सुमारास हे करून दाखवलेलंय आणि त्याच्या आधीपासून सिराक्यूजमध्ये ब्रूस बेरा आणि त्यांचे सहकारी ऑप्टिकल डेटाबेस मशीनवर काम करत होते, सेमिनारला ही नावं उपयोगी पडतील.

आता सर जिथे पकडतील ते. एक म्हणजे जुळणं हे उजेडाच्या कमीजास्तीवर ठरतं, म्हणजे उत्तर अंदाजे येतं. तुमची ‘की’, म्हणजे शोधायची गोष्ट, लहान असेल, समजा पानाच्या कोपऱ्यातला आठ बिटचा पिनकोडचा तुकडा, तर त्याचा उजेड इतका कमी की नॉइजमध्ये हरवतो. म्हणून ती ‘की’ मोठ्या ठिपक्यांच्या ठोकळ्यात पसरून लिहायला लागते, म्हणजे जागा गेली. सापडलेली पानं परत नीट वाचून साध्या प्रोसेसरने तपासायला लागतात, त्यामुळे ‘प्रोसेसर लागत नाही’ हे वाक्य स्लाइडवर टाकू नका. दुसरं, हे सगळं एकाच जागेतल्या पानांपुरतं, पुढच्या जागेवर किरण न्यायचा म्हणजे परत हलवाहलव आली. तिसरं, अपडेट. एका माणसाचा बॅलन्स बदलायचा तर अख्खं पान नव्याने लिहायचं, आणि बऱ्याच मटेरियलमध्ये एकदा लिहिलं की पुसताच येत नाही.

गुगलवाल्या प्रश्नाचं उत्तर फिजिक्सपेक्षा बाजाराने जास्त दिलंय. बेल लॅब्जमधून निघालेली इनफेज कंपनी ३०० जीबीची होलोग्राफिक डिस्क बाजारात आणायच्या मागे वर्षानुवर्षं होती, वेग सेकंदाला २० एमबी. तोपर्यंत एलटीओ-४ टेप (बॅकअपची मॅग्नेटिक टेप) ८०० जीबी आणि १२० एमबीवर पोचली होती, तीही २००७ सालीच. २०१० मध्ये इनफेज बंद पडली. तिचं काम पुढे अकोनिया नावाच्या कंपनीकडे गेलं आणि ती २०१८ मध्ये ॲपलने घेतली, चष्म्याच्या काचांसाठी! म्हणजे होलोग्राम डेटाबेसमधून उठून थेट डोळ्यावर गेला. हा किस्सा सेमिनारच्या शेवटी सांगा, झोपलेली मागची बाकं जागी होतील.

आणि अजून एक नाव लिहून घ्या. १९८३ साली बोरल आणि डेविट यांनी एक पेपर लिहिला होता, त्यात थेट विचारलं होतं की डेटाबेस मशीनची वेळ निघून गेली का. तेव्हा प्रत्येक ट्रॅकला एक प्रोसेसर, प्रत्येक हेडला एक प्रोसेसर अशी मशीनं सुचवली जात होती आणि यांचं म्हणणं असं की प्रोसेसर किती का लावा, डिस्कमधून डेटाच त्या वेगाने बाहेर येत नाही तर ते खाणार काय. पॅरलल ऑप्टिकलवाले बरोबर याच जखमेवर औषध घेऊन आले होते, पण ते तयार होईपर्यंत १९८८ मध्ये बर्कलीच्या लोकांनी रेडची कल्पना मांडली, स्वस्तातल्या साध्या डिस्क एकत्र जोडा, झालं काम. स्वस्त गोष्ट दहा वेळा जोडून जे जमतं त्याच्यासमोर एकच भारी गोष्ट टिकवणं फार अवघड असतं, हे आपल्या पुण्यात परम सुपरकॉम्प्युटर बनवणाऱ्यांनाही माहीत होतं, सी-डॅकचं १९९१ चं परम ८००० ट्रान्सप्युटर चिप जोडूनच उभं राहिलं होतं.

प्रश्न: आमच्या छोट्या संस्थेकडे जुन्या पोथ्यांचे आणि दप्तरांचे स्कॅन शंभरेक सीडी-डीव्हीडींवर आहेत. कोणी काही मागितलं की एकेक सीडी घालून शोधावं लागतं, अर्धा दिवस जातो. पाच-सहा ड्राइव्ह एकदम जोडले तर शोध लवकर लागेल काय? खर्च बेताचाच करता येईल. (सदाशिव पेठ)

उत्तर: नका जोडू. ज्यांनी या सीडी करून ठेवल्या त्यांना नमस्कार, पण शंभर डीव्हीडी काठोकाठ भरल्या तरी ४७० जीबी होतात, हे सगळं तळहाताएवढ्या एका एक्स्टर्नल डिस्कवर मावतं. अशा दोन डिस्क घ्या, दोन्हीवर सगळं कॉपी करा आणि एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. कॉपी करताना मात्र दोन ड्राइव्ह लावले तर काम निम्म्या वेळात होईल, पॅरललचा एवढा उपयोग तुम्हाला नक्की आहे. आणि हे लवकर करा, घरी बर्न केलेल्या डिस्कमधला रंग उन्हाने आणि दमटपणाने उतरतो, आपल्याकडचा पावसाळा त्याला पुरेसा आहे. मग एका एक्सेल शीटमध्ये पोथीचं नाव, विषय, लिपी, फाइल कुठे आहे एवढे चार कॉलम भरा. शोध ड्राइव्हमुळे लागत नसतो, त्या शीटमुळे लागणार आहे. मूळ सीडी फेकू नका, अंधारात उभ्या ठेवा.

प्रश्न: तुमच्या म्हणण्यानुसार ऑप्टिकल म्हणजे मोडीतच काढायचं. मग फेसबुक, मायक्रोसॉफ्टवाले वेडे आहेत का त्याच्यावर पैसे घालायला? (खडकी)

उत्तर: मोडीत कुठे काढलं, जागा चुकवू नका एवढंच. फेसबुकने २०१४ मध्ये दाखवलेल्या कपाटात दहा हजार ब्लू-रे डिस्क होत्या, एक पेटाबाइट, आणि त्यात जायचे ते वर्षानुवर्षं कोणी न उघडलेले फोटो. नुसत्या पडून असलेल्या डिस्कला वीज लागत नाही, हा त्यातला हिशोब. मायक्रोसॉफ्टच्या प्रोजेक्ट सिलिकामध्ये काचेच्या तुकड्यात फेम्टोसेकंद लेझरने लिहितात आणि कॅमेऱ्याने वाचतात, २०१९ मध्ये ७५ मिलिमीटरच्या चौकोनी काचेवर अख्खा सुपरमॅन सिनेमा बसवला होता, ७५.६ जीबी. शांघायच्या लोकांनी २०२४ मध्ये शंभर थरांची डिस्क करून १.६ पेटाबिटपर्यंत जाता येतं असं दाखवलं. यात काचेचं वाचन पानाच्या पानाने होऊ शकतं म्हणजे पॅरलल आहेच, पण लिहिण्याचा वेग रडका आणि पहिलं पान यायला वेळ. शिवाजीनगरला हवामान खात्याकडे जशा जुन्या पावसाच्या नोंदी आहेत तसला डेटा डोळ्यासमोर आणा. १९०५ सालचा पाऊस आता बदलणार नाही, कोणी तो सेकंदात मागत नाही, पण मागितला तर शंभर वर्षांचा सगळाच हवा असतो. अशाला हे चांगलं. स्वारगेटच्या तिकीट बुकिंगला नाही.

प्रश्न: खराडीत नवीनच जॉइन झालोय, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम आहे. व्हॅक्यूम का चालवायला लागतं असं सीनियरला विचारलं तर म्हणाला, मूळ पोस्टग्रेस ऑप्टिकल डिस्क डोळ्यासमोर ठेवून लिहिलं होतं त्याचा हा राहिलेला अवशेष. माझी खेचतोय का? (खराडी)

उत्तर: खेचत नाहीये, बराचसा बरोबर सांगतोय. स्टोनब्रेकर यांनी १९८७ मध्ये पोस्टग्रेसच्या स्टोरेजची जी रचना मांडली त्यात रो बदलली की जुनी तशीच ठेवून नवी शेजारी लिहायची असं होतं, म्हणजे कुठल्याही जुन्या तारखेला डेटा कसा होता ते विचारता येणार. मग मॅग्नेटिक डिस्क भरून जाणार म्हणून मागे एक व्हॅक्यूम क्लीनर प्रोसेस, तो जुन्या रो उचलून आर्काइव्हमध्ये टाकणार, आणि ते आर्काइव्ह एकदाच लिहिता येणाऱ्या ऑप्टिकल डिस्कवर असेल अशी कल्पना होती. बर्कलीमध्ये सोनीच्या ज्यूकबॉक्सवर (डिस्क आपोआप बदलणारं यंत्र) त्याचा प्रयोगही झाला. नंतर जुन्या तारखेचा डेटा विचारायची सोय काढून टाकली, ऑप्टिकल डिस्कही गेली, पण जुनी रो जागेवर ठेवून नवी लिहायची पद्धत तशीच राहिली आणि ती मेलेली रो आता आर्काइव्हमध्ये न जाता तिची जागा परत वापरायला मोकळी होते. म्हणून ऑटोव्हॅक्यूम (ही सफाई आपोआप करणारी सोय) बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, आणि प्रॉडक्शनवर दुपारी व्हॅक्यूम फुल टाकू नका, ते टेबलला लॉक लावतं आणि मग तोच सीनियर तुमच्या डेस्कवर येईल.